मोट भरेपर्यंत

"अगं, पंपिंग साठच टक्के? म्हणजे चाळीस टक्के गेलंच की!"

टूडी इकोचा रिपोर्ट हातात घेऊन बाबा ओट्याशी उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. वाई तालुक्यातल्या आमच्या गावाहून ते सहा महिन्यांसाठी माझ्याकडे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आले आहेत. इथल्या लेक एलिझाबेथभोवतीची एक फेरी साधारण दोन मैलांची. रोज सकाळी तिथे आपल्याकडचे कितीतरी आजी-आजोबा बदकांच्या थव्यांतून वाट काढत चालताना दिसतात. त्यांचं बोलणं फिरून फिरून दोनच विषयांवर येतं : नातवंडं आणि तब्येत. बाबाही त्यांच्यात रमले. सपाटीवर त्यांना काही त्रास नव्हता. पण एका शनिवारी आम्ही मिशन पीक या इथल्या डोंगराच्या चढाला लागलो आणि पाव मैलातच ते कमरेवर हात ठेवून थांबले. पांडवगड, वैराटगड उड्या मारत चढलेला माणूस दम खात उभा राहिलेला मी पहिल्यांदा पाहिला. रक्तदाबाची गोळी वीस वर्षं चालू आहे. म्हणून तपासणी करून घेतली.

रिपोर्टमध्ये कामाच्या ओळी दोन होत्या. पहिली : इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजेच पंपिंग, ६० टक्के. दुसरी : हृदयाचा डावा खालचा कप्पा सैल पडायला वेळ लावतो, पहिल्या पायरीचा डायस्टोलिक दोष. बाबा पहिली ओळ वाचून घाबरले आणि दुसरी त्यांनी वाचलीच नाही. पहिली ओळ अगदी उत्तम होती. चढावरच्या दमाचा धागा सापडला तर दुसरीतच सापडण्यासारखा होता.

मी पुण्यात बरीच वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. हृदयाची आकृती फळ्यावर किती वेळा काढली याची मोजदाद नाही. तरी मुलांपासून पालकांपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र पक्कं असायचं : हृदय म्हणजे दाबून रक्त फेकणारी मूठ. आपल्या बोलण्यातही तेच. कुणी इस्पितळातून घरी आलं की पहिला प्रश्न, "पंपिंग किती आहे?" भरतंय कसं, हे कुणी विचारत नाही. प्रत्येक ठोक्यातला मोठा वेळ मात्र भरण्यातच जातो.

आधी त्या साठ टक्क्यांचा हिशेब. निरोगी प्रौढ माणसाचं हृदय विसाव्याच्या वेळी पूर्ण भरतं तेव्हा डाव्या खालच्या कप्प्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे चहाचा लहानसा कपभर. ठोका पडला की त्यातलं ७० मिलिलिटरच्या आसपास बाहेर जातं आणि ५० आतच राहतं. सत्तर भागिले एकशेवीस, झाले अठ्ठावन्न टक्के. साधारण ५५ ते ७० हा निरोगी हृदयाचा आकडा आहे. कोणतंही हृदय शंभर टक्के रिकामं होत नाही आणि व्हायचीही गरज नाही. उरलेलं रक्त वाया जात नाही. धावायची, चढायची वेळ आली की हृदय त्यातलंही काही पिळून काढतं. मिनिटाला बहात्तर ठोके धरले तर सत्तर मिलिलिटरप्रमाणे पाच लिटर होतात, आणि अंगात एकूण रक्त साधारण तेवढंच असतं. म्हणजे मिनिटाभरात सगळ्या रक्ताची एक फेरी पुरी होते. दिवसाचे सात हजार लिटर.

हे मी कागदावर मांडून दाखवलं तेव्हा बाबा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मग आता ती दुसरी ओळ सांग."

दुसरी ओळ कळायला हृदयाच्या आत शिरायला हवं. तिथली आपली मराठी नावं मला फार आवडतात. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद म्हणतात, खालच्या दोन कप्प्यांना निलय. जुन्या क्रमिक पुस्तकांत कर्णिका आणि जवनिका असे शब्द होते. बाबांच्या पिढीला तेच आठवतात. अलिंद म्हणजे घराच्या दारापुढची ओसरी आणि निलय म्हणजे घर. ज्यानं हे शब्द योजले त्याला हृदयाचं काम नीट कळलं होतं. आलेलं रक्त आधी ओसरीवर टेकतं आणि दार उघडलं की घरात जातं. उजवीकडची ओसरी आणि घर शरीरातून आलेलं रक्त घेऊन फुप्फुसांकडे पाठवतात. डावीकडची जोडी फुप्फुसांतून आलेलं ताजं रक्त सगळ्या अंगाला पुरवते. प्रत्येक निलयाला दोन झडपा : एक आत येण्याची, एक बाहेर जाण्याची. चारही झडपा आपापल्या एकाच दिशेला उघडतात. त्यांना ना स्नायू आहे ना मोटर. मागचा दाब वाढला की त्या उघडतात, पुढचा वाढला की मिटतात.

आता एक ठोका घेऊ. मिनिटाला पंचाहत्तर ठोके असतील तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो. पुस्तकं बहुधा आकुंचनापासून सुरुवात करतात. मी भरण्यापासून करते.

नुकतंच रक्त बाहेर गेलं आहे. महाधमनीच्या तोंडाची झडप मिटली आहे आणि आत येण्याची अजून उघडलेली नाही. दोन्ही दारं बंद असलेल्या या क्षणी डावं निलय सैल पडायला लागतं. आकुंचन पावताना ते नुसतं आवळलेलं नसतं, त्याला पीळही बसलेला असतो. ओलं धोतर पिळताना दोन हात उलटसुलट फिरतात, तसं हृदयाचं खालचं टोक एका दिशेला आणि वरचा भाग दुसऱ्या दिशेला वळतो. आता तो पीळ सुटतो. स्नायूच्या तंतूंमध्ये टायटिन नावाचं एक प्रथिन असतं. माणसाच्या शरीरातल्या प्रथिनांपैकी ते सगळ्यात मोठं, आणि अगदी स्प्रिंगसारखं. दबलेल्या स्प्रिंगा उसळून मोकळ्या होतात आणि निलयातला दाब झपाट्यानं खाली येतो, अलिंदातल्यापेक्षाही खाली. लगेच मधली द्विदल झडप उघडते आणि ओसरीवर थांबलेलं रक्त आत ओढलं जातं. ओढलं जातं हा शब्द मी जाणून वापरते आहे. चांगलं तरुण हृदय रक्त आत येण्याची वाट बघत बसत नाही. ते चोखून घेतं.

आणि हे सैल पडणं म्हणजे स्नायूची फुकटची विश्रांती नव्हे. स्नायू आवळतो तो पेशीत कॅल्शियम सुटल्यामुळे. सैल पडायचं तर ते सगळं कॅल्शियम गोळा करून पुन्हा कोठारात भरावं लागतं, आणि या उपशाला इंधन लागतं. मेलेल्या प्राण्याचं शरीर ताठ होतं त्याचं कारण हेच : इंधन संपलं की स्नायूला सैल होता येत नाही. म्हणून हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडायला लागतो तेव्हा पुष्कळदा आधी बिघडतं ते सैल पडणं, आणि आकुंचन त्यानंतर.

भरण्याचा बहुतेक भाग या पहिल्या झपाट्यातच उरकतो. मग थोडा वेळ शांत. शिरांमधून येणारं रक्त ओसरीवर न थांबता उघड्या दारातून सावकाश आत झिरपत राहतं. शेवटी उजव्या अलिंदाच्या भिंतीतल्या एका छोट्या पुंजक्यातून विजेची सूचना निघते आणि दोन्ही अलिंदं आवळून उरलंसुरलं रक्त घरात ढकलतात. तरुणपणी भरण्यातला पाचवा हिस्सा या शेवटच्या ढकलण्यानं येतो. वय वाढतं तसा हा वाटा वाढत जातो. ही सूचना खाली निलयांकडे जाताना मध्येच एका गाठीपाशी सेकंदाचा दहावा भाग अडवून धरली जाते. सुनाओ तावारा या जपानी शास्त्रज्ञानं १९०६ साली जर्मनीत काम करताना या गाठीचं वर्णन केलं. एवढासा उशीर कशासाठी? ओसरी पूर्ण रिकामी होईपर्यंत घरानं आवळू नये, म्हणून. भरणं पुरं व्हावं यासाठी शरीरानं विजेच्या तारेतच थांबा ठेवला आहे.

आता निलय आवळतं. दाब वाढताक्षणी आतली झडप मिटते, तो 'लब्'. बाहेरची झडप अजून उघडलेली नसते, कारण पलीकडे महाधमनीत ऐंशी मिलिमीटर पाऱ्याइतका दाब उभा आहे. सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा वेळ निलय बंद दारांआड नुसता दाब चढवत राहतं. एक थेंबही हलत नाही. ऐंशी ओलांडले की बाहेरचं दार उघडतं आणि रक्त महाधमनीत झेपावतं, दाब एकशेवीसपर्यंत जातो. त्यातलं बरंचसं पहिल्या झोतातच निघून जातं. जोर ओसरला की महाधमनीतलं रक्त मागे वळू पाहतं आणि झडप मिटते, तो 'डब्'. या झडपेच्या पाकळ्यांमागे लहान खळगे असतात. त्यांत रक्ताचे भोवरे फिरतात आणि पाकळ्या मिटायला मदत करतात, हे लिओनार्दो दा विंचीनं पाचशे वर्षांपूर्वी ओळखून चित्रांत काढून ठेवलं होतं. उजवीकडेही त्याच वेळी हेच सगळं घडतं, फक्त दाब पंचवीसच्या आसपास; फुप्फुसं शेजारीच आहेत, फार जोर लागत नाही.

रक्तदाबाचे दोन आकडे आपण रोज ऐकतो, ते ठोक्याच्या या दोन बाजूंचे आहेत. वरचा आकडा उपसतानाचा. खालचा भरतानाचा : त्या वेळी हृदय काही पाठवत नसतं, पण फुगलेली महाधमनी रबरासारखी आवळत येऊन रक्त पुढे सरकवत राहते, म्हणून दाब शून्यावर न येता ऐंशीला थांबतो. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं तेही मुख्यतः याच वेळात. आवळलेल्या अवस्थेत डाव्या निलयाच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. स्नायू सैल पडला की त्यांतून रक्त खेळतं. सगळ्यांना वाढणारी बाई स्वतः जेवायला बसते ती पंगत उठल्यावर, तसं.

घरी स्टेथोस्कोप असेल तर छातीला लावून ऐका. नसेल तर दुसऱ्याच्या छातीला कान लावला तरी चालतं; रेने लायनेकनं १८१६ साली पॅरिसमध्ये कागदाची सुरळी करून छातीतले ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. 'लब्' आणि 'डब्' यांच्यामधला वेळ छोटा असतो, तो उपसण्याचा, साधारण ०.३ सेकंद. 'डब्'पासून पुढच्या 'लब्'पर्यंतची शांतता मोठी, ती भरण्याची, ०.५ सेकंद. आता जिने चढउतार करून पुन्हा ऐका. ठोके वाढले की आखूड होते ती मुख्यतः ही शांतताच. मिनिटाला दीडशे ठोके पडत असतील तर एका ठोक्याला ०.४ सेकंद उरतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक उपसण्यातच जातो. ज्या हृदयाला भरायला आधीच उशीर लागतो, त्याची चढावर अडचण होते ती इथे.

हे सांगत असतानाच बाबा मध्ये बोलले. "म्हणजे मोटच की."

त्यांच्या लहानपणी आमच्या मळ्यातल्या विहिरीवर पाणी उपसायची कातड्याची मोट होती. मोट विहिरीत सोडताना बैल मागे मागे सरत विहिरीलगतच्या उतरत्या धावेवर चढायचे. मोट पाण्याला टेकली की लगेच हाकायचं नाही. ती बुडली पाहिजे, उघडली पाहिजे, तोंडापर्यंत भरली पाहिजे. मग बैल धाव उतरायला लागायचे, नाडा ताणला जायचा आणि मोट वर येऊन थारोळ्यात पाणी ओतायची. "नवा गडी असला की घाई करायचा," बाबा सांगत होते. "मोट भरायच्या आत बैल हाकायचा. बैल दमून जायचे आणि पाटाला पाणी अर्धंच. आणि मोट बरेच दिवस कोरडी पडली ना, की कातडं ताठरायचं. पाण्यात गेली तरी लवकर उघडायची नाही. मग आजोबा तिला भिजवून, तेल लावून मऊ करायचे."

बाबांना पुढचं समजावून सांगायची गरज उरली नाही. वर्षानुवर्षं चढलेल्या दाबाविरुद्ध काम करून निलयाची भिंत जाड होते, ताठरते. आवळण्याचा जोर शाबूत असतो, म्हणून पंपिंग साठ टक्केच दिसतं. पण कातडं ताठ, त्यामुळे मोट सावकाश उघडते. बसल्या जागी भरायला वेळ मिळतो, त्रास नसतो. चढ लागला, ठोके वाढले, की मोट पुरी भरत नाही; आत न मावलेलं रक्त ओसरीवर साचतं, त्यामागे फुप्फुसांत दाब वाढतो आणि माणसाला दम लागतो. हृदय निकामी होण्याच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचं पंपिंग कागदावर चांगलं असतं. त्यांची तक्रार भरण्याची असते. बाबा त्या टोकाला नाहीत, पहिल्याच पायरीवर आहेत, आणि त्यांच्या वयाच्या पुष्कळांच्या रिपोर्टात ही ओळ असते. पण वाट तीच आहे.

मोट आणि हृदय यांत एक मोठा फरक मात्र आहे. मोट जास्त भरली म्हणून बैलांचा जोर वाढत नाही, हृदयाचा वाढतो. स्नायू भरताना जितका ताणला जाईल, तितक्या जोरानं पुढचा ठोका पडतो. जर्मनीच्या ओटो फ्रांकनं १८९५ साली बेडकाच्या हृदयावर आणि पुढे इंग्लंडच्या अर्नेस्ट स्टार्लिंगनं हे दाखवलं, म्हणून त्याला फ्रांक-स्टार्लिंगचा नियम म्हणतात. याची गरज किती आहे ते साध्या गुणाकारानं कळतं. समजा, उजवं निलय दर ठोक्याला डाव्यापेक्षा फक्त एक मिलिलिटर जास्त रक्त फुप्फुसांत पाठवतं आहे. मिनिटाला ७२, तासाला ४,३२०. तासाभरात चार लिटरांहून अधिक रक्त फुप्फुसांत तुंबेल. असं होत नाही, कारण डावीकडे जास्त आलं की डावं निलय जास्त ताणलं जातं आणि तेवढं जास्त बाहेर टाकतं. कुणाच्या हुकमाशिवाय, ठोक्यागणिक, आयुष्यभर हा हिशेब जुळतो. हृदयाबद्दल मला माहीत असलेल्या गोष्टींत ही मला सगळ्यात सुंदर वाटते.

या नियमाची कसोटी आमच्या घरापासून फार दूर लागली नाही. मिशन पीकच्या माथ्यावरून स्वच्छ दिवशी पश्चिमेला खाडी दिसते आणि तिच्यावरचा डंबार्टन पूल. त्या पुलापलीकडे स्टॅनफर्ड. तिथे नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर यांनी १९५९-६० पासून कुत्र्यांवर हृदयरोपणाचं तंत्र बसवलं. १९६७ च्या डिसेंबरात केपटाउनला क्रिस्टियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदयरोपण केलं ते याच तंत्रानं, आणि ६ जानेवारी १९६८ ला शमवे यांनी अमेरिकेतलं पहिलं प्रौढ माणसावरचं रोपण केलं. त्यानंतर सहा आठवडे उलटायच्या आत, १६ फेब्रुवारीला, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. तो रुग्ण काही तासच जगला. पण परळच्या त्या पालिकेच्या रुग्णालयात त्या काळी हे धाडस झालं, याची आठवण आपण ठेवायला हवी.

रोपण करताना हृदयाला मेंदूशी जोडणारे मज्जातंतू कापले जातात. तरीही नव्या छातीत ते धडधडतं, कारण ठोक्याची सूचना त्याच्या आतच निर्माण होते. मग असा माणूस जिना चढायला लागला की काय होतं? मेंदूचा निरोप पोहोचत नाही, त्यामुळे ठोके लगेच वाढत नाहीत. रक्तातून अॅड्रिनलिन येईपर्यंत काही मिनिटं जातात. तेवढा वेळ हृदय भागवतं ते भरण्यावर. चालत्या पायांचे स्नायू शिरांतलं रक्त पिळून वर पाठवतात, निलय जास्त भरतं, जास्त ताणलं जातं आणि दर ठोक्याला जास्त रक्त टाकतं.

बाबांच्या तपासणीच्या वेळी मी त्या अंधाऱ्या खोलीत शेजारी उभी होते. तंत्रज्ञ मुलीनं छातीवर जेल लावून प्रोब थोडा वाकवला आणि पडद्यावर द्विदल झडपेची दोन पानं फडफडताना दिसली. दर ठोक्याला ती दोनदा उघडत होती : एकदा पुरती, मग थोडी मिटून, अलिंदाच्या ढकलण्याबरोबर पुन्हा. मग तिनं डॉप्लर लावलं आणि पडद्यावर रक्ताच्या वेगाचे डोंगर उमटू लागले, प्रत्येक ठोक्याला दोन. पहिला डोंगर निलयानं ओढून घेतलेल्या रक्ताचा, दुसरा ओसरीनं ढकललेल्या. तरुण हृदयात पहिला उंच असतो. बाबांचा दुसरा उंच होता. घर हळूहळू उघडत होतं आणि ओसरी जास्त कष्ट करून ती उणीव भरून काढत होती. म्हणूनच अशा माणसाला एट्रियल फिब्रिलेशन झालं, म्हणजे अलिंदं शिस्तीत आवळायची सोडून नुसती थरथरू लागली, की त्याचं अवसान एकदम गळतं. आधार होता तोच जातो.

इकोच्या यंत्राचा जन्मही भरण्याच्या दुखण्यातूनच झाला. स्वीडनमधल्या लुंडच्या इंगे एडलर या डॉक्टरांना अरुंद झालेली द्विदल झडप छाती न उघडता तपासायची होती. १९५३ साली कार्ल हेल्मुथ हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाच्या मदतीनं त्यांनी माल्मोच्या गोदीतून, धातूतल्या भेगा शोधण्याचं ध्वनिलहरींचं उपकरण मागून आणलं आणि ते छातीवर लावलं. अरुंद द्विदल झडप हे आपल्या देशाला चांगलं ठाऊक असलेलं दुखणं. लहानपणी घसा सुजतो, जंतूंवर नीट उपचार होत नाहीत, सांधेवाताचा ताप येतो आणि काही वर्षांनी झडपेची पानं एकमेकांना चिकटतात. चार ते सहा चौरस सेंटिमीटरचं दार दीडाच्याही खाली येतं. निलय धडधाकट असतं, पण घरात शिरायलाच जागा नाही. कितीतरी तरुण बायकांना गरोदरपणात, ठोके आणि रक्ताचं प्रमाण वाढल्यावर, पहिल्यांदा हा दम जाणवतो. आज मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ते दार उघडता येतं. मुलाचा दुखरा घसा अंगावर काढू नये, हे मी वर्गात दर वर्षी सांगायचे, इथेही सांगते.

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या आणि शिकागोच्या दक्षिण आशियाई कुटुंबांमधली माणसं घेऊन २०१० पासून 'मसाला' नावाचा एक अभ्यास चालू आहे. सुरुवातीला त्यात ९०६ जण होते. आपल्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकार इतके का आढळतात, याचा तो माग काढतो. अंगानं बारीक असूनही आपल्याला मधुमेह लवकर गाठतो, आणि मधुमेह व रक्तदाब ही जोडी हृदयाला ताठरवणारी आहे. फ्रीमाँटमध्ये माझ्या पिढीचे लोक दिवसाचे आठ-दहा तास पडद्यासमोर बसतात, मग गाडीत, मग जेवणाच्या टेबलाशी. त्यांच्यासाठी डॅलसच्या संशोधकांचं २०१८ सालचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. पंचेचाळीस ते चौसष्ट वयाच्या, व्यायाम न करणाऱ्या पण निरोगी लोकांना त्यांनी दोन वर्षं आठवड्यातून चार-पाच दिवस नियमित व्यायाम करायला लावला, त्यात अधूनमधून चांगला दम लागेल असाही. दोन वर्षांनी त्यांच्या डाव्या निलयाचा ताठरपणा खरोखरच कमी झाला होता. त्याच गटानं आधी पासष्टीपुढच्यांवर वर्षभर असाच प्रयोग केला होता, तेव्हा ताठरपणा फारसा हलला नव्हता. कातडं मऊ करायचं ते वेळेत.

बाबांच्या डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला, मीठ कमी करायला सांगितलं आणि चालणं चालू ठेवायला. लोणच्याची बरणी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. मिशन पीकचा २,५१७ फुटांचा माथा त्यांनी गाठलेला नाही, पण आता ते घाई करत नाहीत. शंभर पावलं चालून थांबतात, मनगटावर बोटं ठेवतात आणि ठोके खाली आले की पुढे निघतात. "मोट भरू दे," म्हणतात.

आईवडील तुमच्याकडे आले असतील किंवा तुम्ही त्यांना फोनवर विचारत असाल, तर एवढं नक्की विचारा : पूर्वी सहज चढायचा तो जिना आता थांबत चढावा लागतो का, रात्री आडवं पडल्यावर दम लागून उशी उंच करावी लागते का, संध्याकाळी पाय सुजून मोज्याचे वळ खोल उमटतात का? यातलं काही असेल तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि रिपोर्ट हातात आला की पंपिंगच्या आकड्याखालची ओळही वाचा.